चार अक्षरांची जागा

"ओ कागदवाले, डोये उघडे ठिवून लिवून राहिले का मिटून?"

आवाज वरून आला. अमरावतीचा कापसाचा बाजार, मार्गशीर्षातलं कोवळं ऊन, गाडीला गाडी लागलेली, दलालांचा नि बैलांच्या घुंगरांचा एकच कल्ला. आणि त्यात हा बाईमाणसाचा आवाज. खुशालनं मान वर केली. शेजारच्या गाडीत कापसाच्या ढिगावर एक पोरगी पाय सोडून बसली होती. पदर दातात धरलेला, आणि डोळ्यांत... डोळ्यांत सरळ सरळ हसू.

"मले म्हणता?" खुशालनं विचारलं.

"मंग काय बैलाले?"

खुशालनं नुकतंच पुढच्या गाडीवाल्याला सांगितलं होतं, 'अस्सल बनी कापूस,' आणि तसं वहीत टिपलंही होतं. पोरगी टुणकन खाली उतरली, त्या गाडीत कोपरापर्यंत हात खुपसला, आतून मूठभर कापूस काढला आणि दोन्ही अंगठ्यांनी ओढून त्याच्या नाकासमोर धरला. धागा तटकन तुटला.

"वरून बनी, खालून जरी. लिवा आता काय लिवाचं ते."

गाडीवाला असा खवळला म्हणता! पण बाजार हसायला लागला तशी त्यानं गाडी हाकली. खुशाल मात्र वहीत बोट घालून तसाच उभा. सरकारच्या कपास खात्याचा लेखनिक तो, अकोल्याहून खास आलेला. आणि एका पोरीनं भर बाजारात त्याची जिरवली होती. राग यायला हवा होता. आला नाही. इथंच बिचाऱ्याचं काय ते चुकलं म्हणा, नाहीतर बरोबर आलं म्हणा.

त्या वर्षांत अख्ख्या वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेतल्या गिरण्या उपाशी, म्हणून आपल्या काळीतला कापूस बोटी भरभरून चाललेला. जो तो पऱ्हाटी लावत सुटला. कोणतं बी, कुठलं बी, कोणी पाहत नव्हतं. बनीचा धागा लांब, मऊ. जरीचा आखूड, पण तोलाला भारी. सगळी सरमिसळ झाली. बनी शुद्ध कशी राखावी याचा शोध घेऊन शेतकऱ्यांसाठी मराठीत एक पुस्तक छापावं, असं खात्याच्या गोऱ्या साहेबाच्या मनात आलं, आणि ते काम खुशालच्या गळ्यात पडलं. कुणब्याच्या सात पिढ्यांत पहिला लिहिणारा तो. वही कापसाच्या गाडीहून जड वाटायची त्याला.

"तुमाले न पाहता वळखू येते?" त्यानं विचारलं.

"येते ना."

"मिटा डोये."

तिनं मिटले आणि हात पुढं केला. तळहातावर वेचणीचे ओरखडे होते. खुशालनं इकडच्या तिकडच्या गाडीतून पाच बोंडं आणली, एकेक ठेवत गेला. बनी. जरी. जरी. बनी. मिसळ. पाचही बरोबर! सहाव्या वेळी हातातली बोंडं संपली होती, आणि काय सुचलं कोणास ठाऊक, त्यानं आपलं बोटच ठेवलं.

तिचे डोळे मिटलेलेच. ओठाचा कोपरा हलला.

"हे बनीबी नाही, जरीबी नाही. हे शाईचं बोट हाय... लवकर उचला, माहा बाप येऊन राहिला."

तिचं नाव मनकर्णा. बापाचं नाव नत्थुजी. पूर्णेच्या काठी, चांदूर बाजाराच्या अलीकडं त्यांचं वावर. चौदाव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं, सोळाव्या वर्षी पटकीनं नवरा नेला, आणि सासरच्यांनी तिला बापाच्या दारात आणून सोडलं. कुणब्यांत विधवेच्या दुसऱ्या लग्नाची, पाटाची रीत असल्यानं नत्थुजी तिच्यासाठी दुसरं घर पाहत होता. हे सगळं खुशालला पहिल्याच दिवशी कळलं, कारण त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं. शोधकामासाठीच हो! दुसरं काय?

आठवड्यानं तो त्यांच्या वावरात हजर झाला, मग दर आठवड्याला. वावर पाहून तो चाटच पडला. मधूनच एखाद्या पऱ्हाटीला लाल चिंधी, एखादीला पिवळी, एखादीला लुगड्याचा हिरवा काठ बांधलेला.

"देवाले बोलल्या का काय या पऱ्हाट्या?"

"देवाले कायले? मीच निवडल्या." मनकर्णा ओटीतला कापूस सावरत म्हणाली. "जिचा धागा सगळ्यात लांब, तिले चिंधी. तिचा कापूस येगळा वेचाचा, त्याची सरकी येगळ्या रेच्यावर काढाची. गावच्या रेच्यावर नेला का दुसऱ्याची सरकी अडकून असते, थे आपल्यात येते. मंग सरकी मडक्यात. मडक्याच्या गयाले तीच चिंधी. दुसऱ्या साली थे येगळ्या तासात."

"किती साल झाले?"

तिनं कमरेची सुतळी काढून त्याच्या हातात दिली. गाठीच गाठी. प्रत्येक झाडाची बोंडं, प्रत्येक सालाचा वेचा, सगळं गाठींत. चार सालांचं काम. खुशालला लिहिता लिहिता घाम फुटला. सात महिने तो खेडोपाडी हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत होता, आणि जे हवं होतं ते या पोरीच्या कमरेला बांधलेलं!

"हे तुमाले कोनं शिकवलं?"

"कोनं नाही. वेचताना हात रिकामे नसते, डोकं रिकामं असते ना."

पौषात एके दुपारी भलतंच आभाळ आलं. ऐन वेचणीत पाणी म्हणजे कापसाचा चिखल! नत्थुजी घरच्या ढिगाकडे धावला. मनकर्णा धावली चिंध्यांच्या झाडांकडे, आणि खुशाल वही सदऱ्यात खुपसून तिच्यामागं. दोघांनी मिळेल ते बोंड ओरबाडलं. तिची ओटी भरली, त्याचं उपरणं भरलं. टपोरे थेंब सुरू झाले तेव्हा दोघंही वावराच्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली एका घोंगडीत, मध्ये कापसाचं गाठोडं.

"तुमची वही भिजली असन," ती म्हणाली.

"भिजू दे."

"मायबाई! चार सालांचं माहं काम हाय त्यात. भिजू दे म्हणे!"

मग दोघंही हसले. पाणी घोंगडीवर टपटप वाजत होतं. तिच्या कपाळावरची एक बट ओली होऊन चिकटली होती, आणि ती सारावी असं त्याच्या इतकं मनात आलं, की त्यानं हात मांडीखाली दाबून धरला.

"एक इचारू?" ती म्हणाली. आवाज एकाएकी वेगळा. "या कागदात माहं नाव येईन?"

"येईन ना. काहून नाही?"

"नाही... सारं गाव माहं बी नेते. म्हनते, नत्थुजीचं बी. सासरी होती तवाबी मीच निवडाची; थे सासऱ्याचं बी. वावर मी पाह्यते, बोंड मी मोजते, आन माहं नाव कोठंच नाही. एकडाव कोठंतरी असावं. बस."

पाणी थांबल्यावर घरी गेले, तेव्हा खुशालनं चुलीतला कोळसा घेतला आणि लाल चिंधीच्या मडक्यावर मोठ्या बाळबोध अक्षरांत लिहिलं. मोडीत नाही. "छापा असाच असते," म्हणाला. "हे पाहा. म. न. क. र्णा."

ती वाकून पाहत राहिली.

"चारच अक्षरं?"

"चारच."

"एवढंसंच हाय तं... कोठंबी मावन." तिनं एकेका अक्षरावरून बोट फिरवलं, कोळसा पुसणार नाही इतकं हलकं. तो तिच्याकडे पाहत होता. तिनं मान न वळवता विचारलं, "असे काय पाह्यता?"

"नत्थुजीले पाटाचं इचारू का? माह्यासाठी?"

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आधी कागद आन," ती म्हणाली. पहिल्यांदाच अरेतुरे. "माहं नाव वाचून दाखव. मंग इचार... मी नाही म्हननार नाही."

अकोल्याला परतताना खुशाल गाडीवानाशी इतकं बोलला, की गाडीवानानं शेवटी झोपेचं सोंग घेतलं.

चैत्रात लिहून झालं. कचेरीचे शिरस्तेदार मोरोपंत पुण्याकडचे. नाकावर चष्मा, चष्म्यावर भुवया. त्यांनी तीन दिवस ते वाचलं, भाषा घासूनपुसून सारखी केली, आणि चौथ्या दिवशी खुशालला समोर बसवलं.

"उत्तम झालंय. साहेब खूश आहेत. पहिल्या पानावर कर्त्यांची नावं छापायची, दोनच, असा त्यांचा हुकूम आहे. आता बघ. भाषा कोणी सुधारली? मी. साहेबांपुढं कोणी मांडलं? मी. तेव्हा पहिलं नाव माझं, त्यात वाद नको. राहिलं एक."

पण खुशाल बोलला. तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

"पंत, खरं काम तिचं आहे. त्या नत्थुजीच्या मुलीचं. चार वर्षं तिनं बी निवडलं. मी तर नुसतं उतरवून घेतलं."

"असं म्हणतोस?" मोरोपंतांनी दौत त्याच्यापुढं सरकवली. "मग घाल तिचं. तुझं गाळ. माझी काही हरकत नाही."

कचेरीत पंख्याच्या दोरीचा करकर आवाज तेवढा येत होता. खुशालच्या डोळ्यांपुढं त्याचा बाप आला. कोणी भेटलं की म्हणायचा, 'माह्या पोराचं नाव छापून येनार हाय.' नांगर धरून धरून वाकडी झालेली बोटं त्याची. त्या बोटांनी तो पोराचं नाव चाचपणार होता.

"आणि एक सांगतो," मोरोपंत म्हणाले, "परक्याच्या लेकीचं नाव छापून गावोगाव वाटायचं. लोक तिला काय म्हणतील, याचा विचार कर. तुला तर तिच्या अब्रूची काळजी असेलच."

हे निमित्त खुशालला फार आवडलं. त्याला स्वतःचंही एक सुचलं, त्याहून गोड. आज ना उद्या ती आपल्या घरी येणार. मग माझं नाव ते तिचंच नाव. नवरा-बायकोत का दोन नावं असतात? आपल्याकडची रीतच ती! असं म्हणत त्यानं टाक बुडवला आणि मोरोपंतांच्या नावाखाली स्वतःचं लिहिलं. अक्षर झकास आलं. लिहून झाल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि पुढं जन्मभर त्याला लाज वाटली ती या हलकं वाटण्याची.

पुस्तक ज्येष्ठात छापून आलं. खुशाल पूर्णेकाठी पोचला तेव्हा मनकर्णा ओसरीवर सरकीला शेण-मातीत घोळत होती. त्याला पाहून हात तसेच बरबटलेले घेऊन उभी राहिली. अंगावर नवं लुगडं होतं. पेरणीच्या कामाला नवं लुगडं कोण नेसतं? तो येणार हे तिला गाडीवानाकडून कळलं असावं.

"वाच," ती म्हणाली.

खुशालनं पुस्तक उघडलं. कबूल करायचं असंच तो ठरवून आला होता. वाटेत दहादा शब्द जुळवले होते. पण तिचा तो चेहरा पाहिला, आणि मागं नत्थुजी हात जोडून उभा. आणि त्याच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"वऱ्हाडातील बनी कापसाचे बी शुद्ध राखण्याविषयी. कर्ते, मोरोपंत शिरस्तेदार... खुशालराव लेखनिक... आणि मनकर्णा, नत्थुजीची कन्या."

"अरे देवा!" नत्थुजीनं डोळ्याला पागोट्याचा शेव लावला. "माह्या पोरीचं नाव सरकारात! थांब, गूळ आनतो, साऱ्या आळीले वाटतो." आणि म्हातारा धावतच बाहेर गेला.

मनकर्णानं हात धुतले, पदराला पुसले, आणि बोट पुढं केलं.

"कोनतं माहं? बोट ठिवून दे."

आता मागं फिरायला वाट नव्हती. पानावर दोनच नावं. खुशालनं त्यातलं चार अक्षरांचं पाहिलं, तिचं बोट धरलं आणि मोरोपंतांच्या नावावर ठेवलं.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग आत गेली आणि लाल चिंधीचं मडकं काखेत घेऊन आली. कोळशाची अक्षरं तशीच होती. हात लागून फिकी पडली की ती वरून पुन्हा गिरवत असावी. रेघा जाड झाल्या होत्या. तिनं मडकं पुस्तकाशेजारी ठेवलं.

"हे माहं नाही."

"मनकर्णा..."

"सहा महिने रोज पाह्यलं मी हे. मले बनी-जरी वळखू येते, आन माहं नाव वळखू येनार नाही?" तिनं दुसऱ्या नावावर बोट ठेवलं. "हेबी नाही. हे तुहं असन. माहं कोठं हाय?"

"नाही," खुशाल म्हणाला. "दोनच नावांची जागा होती... मले वाटलं, तू माह्या घरी येशील, मंग माहं नाव थे तुहंच..."

"बापाच्या घरी बापाचं बी. सासरी सासऱ्याचं बी. आता तुहं." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दोघांचं एकच नाव असते, तं माहं लिवाचं होतं. थेबी तुहंच झालं असतं ना?"

खुशालनं पुस्तक मिटलं.

"चुकलो," तो म्हणाला. "पाया पडतो. पुढच्या छाप्यात..."

"माहं नाव सोडलं, थे सोसलं असतं मी. भांडली असती, रडली असती, आन आली असती तुह्या घरी. लय जीव लागला होता माहा तुह्यावर." तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. "पन तू वाचून दाखवलं रे. मले वाचता येत नाही म्हून वाचून दाखवलं! वरून बनी लावली. गाडीवाल्यानं तुले फसवलं तसं तू मले."

बाहेर नत्थुजी आळीत गूळ वाटत होता. हाका ऐकू येत होत्या. "जा," मनकर्णा म्हणाली. "बाबा याच्या आधी जा. मी सांगते त्याले काय सांगाचं ते." खुशाल निघाला, दारात थबकला, वाटलं, थांबवेल. ती मडकं उचलून आत ठेवत होती.

तीन वर्षं गेली. अमेरिकेतली लढाई मिटली, वऱ्हाडातलं वेड ओसरलं. खुशालच्या बापानं ते पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलं होतं. पोर तिथं नमस्काराला का जात नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. अकोल्याच्या कचेरीत होत्या तेवढ्या साऱ्या प्रतींवर खुशालनं तिसरं नाव हातानं लिहिलं. मोरोपंत त्याला खुळा म्हणाले. बाकीच्या प्रती कुठं गेल्या, देव जाणे; एकदा परतवाड्याच्या बाजारात त्यानं फुटाणे घेतले, तर पुडीवर त्याचंच छापील नाव.

मग पुन्हा मार्गशीर्ष आला, पुन्हा अमरावतीचा बाजार. आता खात्याचा नवा नियम निघाला होता. प्रत्येक गाडीचा मालक कोण आणि बी कोणाचं, हे वहीत लिहायचं. खुशाल मान खाली घालून लिहीत चालला होता.

"नाव?"

"रामराव. परतवाड्याकडचा."

"बी कोणाचं?"

गाडीवाला काळासावळा, उघड्या छातीचा गडी. त्यानं गाडीवरच्या ढिगाकडे वळून मोठ्यानं हाक मारली, "मनकर्णा! ओ मनकर्णा! हे लाल चिंधीचं का हिरव्या चिंधीचं?"

भर बाजारात नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारली! आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून फिदीफिदी हसल्या. एक दलाल म्हणाला, "काहो पाटील, काही लाजबीज?"

"कायची लाज?" रामराव म्हणाला. "नाव हाय तं घेनारच. बी तिनं निवडलं. माह्या बापाच्या जन्मात असा कापूस झाला नाही आमच्या वावरात." आणि खुशालकडे वळला, "लिवा साहेब. मनकर्णेचं बी."

ढिगावरून ती पाहत होती. पाय तसेच सोडलेले, मांडीवर एक तान्हं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर खुशालला आशा वाटली असती. तिनं त्याला ओळखलं, इतकंच; आणि थोडं पुढं वाकून तो काय लिहितो ते पाहू लागली. मोडीत चाललेला त्याचा हात थांबला. त्यानं टाक पुन्हा बुडवला आणि बाळबोध अक्षरांत, एकेक सुटं, लिहिलं. मग वही उलटी फिरवून तिच्याकडे धरली.

तिनं पाहिलं. वेळ लावून, शेवटच्या अक्षरापर्यंत.

"हं," ती म्हणाली. "हे माहं हाय."

रामरावानं बैलांना हाक दिली. गाडी पुढं सरकली, मागून दुसरी आली, आणि दुसरा गाडीवाला ओरडू लागला, "ओ साहेब, लिवा ना!" खुशाल वहीकडे पाहत उभा होता. ओळ अर्धीदेखील भरली नव्हती. चारच तर अक्षरं होती.